पातेल्याखालचे तीन सेकंद

सरांनी माझ्याकडे पहिल्यांदा कौतुकाने पाहिलं ते मी त्यांच्या ओसरीत पाय घसरून पडलो तेव्हा.

आईने केलेले अनारसे पोचवायला मी देवासहून धारला गेलो होतो. ओसरी नुकतीच पुसलेली. मी डब्यासकट आडवा झालो. आतून सर धावत आले, माझ्या अंगावरून ढांग टाकून कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीपाशी गेले, तिच्या पडद्यात डोळे घातले आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं,

"वजन किती तुझं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"छान. पुन्हा पडतोस का? त्याच जागी, तसाच."

मी पडलो. कॉलेजात या माणसाने मला दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि त्या दोन वर्षांत माझी एकही गोष्ट त्यांना दुसऱ्यांदा पाहावीशी वाटली नव्हती. तेव्हा मी आनंदाने चार वेळा पडलो. स्वयंपाकघरातून जिजी, म्हणजे सरांची विधवा थोरली बहीण, ओरडली, "अरे, लोकाच्या पोराचं कंबरडं मोडशील."

"जिजी, बोलू नकोस. नोंद चालू आहे."

चौथ्या वेळी सर उठून उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू प्रत्येक वेळी सारखाच पडतोस. हा गुण फार थोड्या लोकांत असतो." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. देवासात मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. त्या दिवसापासून महिन्यातले निम्मे दिवस त्याचं शटर खाली असे आणि मी मोटारसायकलवर सरांची यंत्रं सांभाळत फिरे.

ती पेटी भूकंप टिपणारी होती, आणि जागेवर बसवण्याआधी सर ती घरी तपासून पाहत होते. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. सरांनी एका संस्थेने मोडीत काढलेली तीन यंत्रं पत्रं लिहून लिहून मागून आणली. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या मुलखात भूकंप होत नाहीत असं जो तो सांगतो, पण मोजायला इथे आहे कोण? मोठी केंद्रं लांब लांबच्या शहरांत. घाटात कुठे जमीन हलली तर त्यांना ती इतकी पुसट ऐकू येणार की ठिकाण सांगताना एका तहसिलीची चूक सहज व्हावी. सर म्हणत, "घरातली सगळी माणसं कानाने अधू आहेत, म्हणून मांजर भांडं पाडताना आवाज करत नाही असं समजायचं का?"

तीनच यंत्रं का, हे त्यांनी मला जिजीच्या पोळपाटावर पिठात बोट फिरवून समजावलं. एका यंत्राने जमीन हलली एवढं कळतं. कुठे हलली ते कळायला तीन हवीत. लाट कोणाकडे आधी पोचली, कोणाकडे नंतर, किती नंतर, यावरून उलटं चालत जायचं आणि जिथे तिन्ही वाटा मिळतात तिथे उगम. म्हणून एक यंत्र मांडूला, एक लोहारद्याला, एक पार पूर्वेला खातेगांवला. तिन्ही जवळजवळ एका ओळीत पडत होती, त्याची सरांना फार खंत. "एका ओळीत बसलेले तीन साक्षीदार," ते म्हणत, "एकमेकांचंच ऐकतात." पण बाकी ठिकाणी यंत्राला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि चौथं यंत्रही नव्हतं.

"आणि घड्याळं," सर दर वेळी म्हणत. जेवताना, चप्पल घालताना, मी किक मारत असताना. "घड्याळं जुळलेली हवीत. तीन सेकंदांची चूक म्हणजे जमिनीत अठरा किलोमीटर." प्रत्येक यंत्राची एक अँटेना छतावर होती, शंकरपाळ्याहून थोडी मोठी. ती उपग्रहाकडून वेळ घेई आणि पेटीतलं घड्याळ बरोबर ठेवी. वेळ मिळत असेल तर पेटीवर हिरवा दिवा, नसेल तर लाल. माझं काम एवढंच. छतावर चढून अँटेना पाहायची, खाली येऊन दिवा पाहायचा, आणि मगच रजिस्टरात लिहायचं: 'अँटेना ठीक, घड्याळ ठीक.' मराठीत. मी हिंदी शाळेतला. माझं मराठी वाचन लग्नपत्रिकेच्या पुढे गेलं नव्हतं. सरांनी मला रजिस्टराच्या निमित्ताने चाळिशीजवळ मराठी गिरवायला लावलं. आज हे जे काही लिहितोय ती त्यांचीच कृपा, आणि वाचल्यावर तुम्हांला कळेल की शिक्षासुद्धा.

यंत्राच्या जागेला सर स्टेशन म्हणत, आणि माणसांचेही तसेच दोन वर्ग करत: चांगलं स्टेशन आणि गोंगाटी स्टेशन. लोहारद्याचा चक्कीवाला चांगलं स्टेशन, कारण तो म्हणे, "हलल्यासारखं झालं मास्साब, पण चक्की चालू थी, कह नहीं सकता." माझी मावशी गोंगाटी, पलीकडच्या गल्लीत कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या छातीत धडधडे. जिजीबद्दल मत होतं, "यंत्र फार नाजूक आहे, पण दिशा कळत नाही." कोणाच्या लग्नात पंगतीला बसले की शेजारच्या अनोळखी पाहुण्याला विचारत, "तुमच्याकडे मांडणी कोणत्या भिंतीला आहे?" मांडणीवरची भांडी कोणत्या अंगाला पडतात यावरून धक्का कुठून आला याचा अंदाज बांधता येतो, हे त्या पाहुण्याला काय माहीत. तो बिचारा समजे की मुलगी सांगून आली आहे. एकदा एका घरी समाचाराला गेलो होतो, तिथले आजोबा गेलेले. सगळे मान खाली घालून बसलेत आणि सर हार घातलेल्या फोटोकडे टक लावून. शेवटी न राहवून विचारलंच, "हा केव्हापासून तिरका आहे?" मुलगा म्हणाला, "काल लावला तेव्हापासून." सर हिरमुसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माणूस चांगला होता. भिंतही सरळ आहे."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी हसायचोही. दुकानात नक्कल करून दाखवायचो. एका गोष्टीची नक्कल मात्र कधी केली नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की सर खिडकीत उभे राहून औटकी म्हणत. साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन, बे औट सात, असं थेट तिसांपर्यंत. पावकी, निमकी, दिडकी हल्ली कोणाला येत नाही, औटकी तर ऐकलेलीही नसते. मला वाटलं देवाचं काही असेल. जिजीने एकदा ताक घुसळता घुसळता सांगितलं.

"देवाचं कसलं. तपासून बघतो तो."

"काय तपासून बघतात?"

"डोकं जाग्यावर आहे का ते. आमचे बाबा संस्थानच्या मोजणी खात्यात होते. अख्खा परगणा त्यांना पाठ. सत्तरी ओलांडली आणि एक दिवस आपल्याच घराच्या दारात उभे राहून मला विचारलं, 'बाई, हे घर कोणाचं?' मी त्यांची मुलगी. बाई म्हणाले मला." तिने रवी थांबवली. "हा तेव्हा तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवसापासून औटकी सुरू. त्याला मरणाचं काही वाटत नाही. याचं वाटतं."

सर तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. मांडूचं यंत्र एका छोट्या हॉटेलाच्या मागच्या खोलीत होतं. डाळ आणि पानांत भाजलेले मक्याचे पानिये, म्हणजे दाल-पानिये, तिथे उत्तम मिळत, आणि तिथल्या फेरीला मी कधी उशीर केला नाही त्याचं कारण विज्ञान नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर हॉटेलवाला रडकुंडीला आला. "भिया, बंदर ने फिर वायर खींच दी. चार बार चढ़ चुका हूँ ऊपर. या तो तुम्हारा ये बटन हटाओ, या बंदर हटाओ."

माकडं हटवणं शक्य नव्हतं. मांडू त्यांचंच आहे, आपण पाहुणे. मी विचार केला. खाली जाऊन दिवा पाहिला, हिरवा. रजिस्टरात झोकात लिहिलं, 'अँटेना ठीक, घड्याळ ठीक.' मग हॉटेलवाल्याकडून डाळीचं एक जुनं स्टीलचं पातेलं मागून घेतलं, छतावर चढलो, अँटेनेवर ते उपडं घातलं आणि वर दगड ठेवला. खाली उतरून हात झटकले. हॉटेलवाला म्हणाला, "दिमाग़ है भिया तुममें." मी पानिये तिनाऐवजी पाच खाल्ले आणि दिवा पुन्हा न पाहता निघालो. लिहून झालं होतं ना.

माकडांनी अँटेनेला हात लावला नाही. उपग्रहानेही लावला नाही. स्टीलच्या पातेल्यातून त्याचा आवाज आत जात नाही, हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. होतंही. सुचलं नाही.

त्याच दिवसांत लोहारद्याच्या दक्षिणेला, घाटातल्या एका पाड्यावर जमीन बोलू लागली. गुरगुर, मग एक थड असा आवाज, मग भांडी. लोक घाबरून घराबाहेर निजू लागले. सर मला घेऊन तिथे गेले. अशा वेळी त्यांचा चेहरा नातवंडाच्या बारशाला निघाल्यासारखा होई. भीती वाटणाऱ्या लोकांत जाताना तो झाकायचा त्यांचा आटोकाट प्रयत्न चाले. पाड्याच्या टोकाला एक म्हातारी होती. सगळे तिला माय म्हणत. सरांनी वही काढली.

"माय, आवाज किधर से आता है?"

ती चुलीपुढे बसली होती. चिमट्याने जमिनीवर ठोकलं. "यां से. म्हारा चूल्हा का नीचे से बोले हे."

"पहाड़ी की तरफ़ से नहीं?"

"पहाड़ी से आतो तो म्हूं पहाड़ी केती, मास्साब."

सर खूश झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय स्टेशन आहे. आयुष्यभर शोधलं असतं तरी मिळालं नसतं." चार दिवसांनी तिथे त्या काळातला सगळ्यांत मोठा धक्का बसला. मोठा म्हणजे मांडूपर्यंत जाऊन पोचेल एवढा. बाकीचे बारके मांडूला ऐकूच येत नव्हते. तिन्ही यंत्रांवर एकदम उमटलेला असा तो एकच. सरांनी मला फोन केला. "तिन्ही पेट्यांतली नोंदींची कार्डं घेऊन ये. आधी मांडूचं."

मी मांडूला गेलो. दिवा लाल. मग छतावर जाऊन पातेलं काढलं, खाली आलो; थोड्या वेळाने हिरवा झाला, घड्याळ जागेवर आलं. म्हणजे पातेलं घातल्यापासून ते आपल्या मनाने चालत होतं आणि धक्का बसला तेव्हा बहकलेलं होतं.

त्या क्षणी रजिस्टरात 'दिवा लाल होता' असं लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. सरांनी काय केलं असतं? मांडूची नोंद बाजूला ठेवली असती, चार शिव्या दिल्या असत्या, त्याही संस्कृतात, आणि पुढच्या मोठ्या धक्क्याची वाट पाहिली असती. पण गंमत अशी की आदल्याच आठवड्यात, घरी आलेल्या चार लोकांसमोर, सर माझ्याकडे बोट करून म्हणाले होते, "हे माझं सगळ्यांत भरवशाचं स्टेशन." देवासला पोचेपर्यंत मी ते वाक्य घोळवत आलो होतो. शेवटच्या बाकावरून उठून माणूस एकदा पुढे येतो आणि लगेच परत जायचं? मी लिहिलं, 'अँटेना ठीक, घड्याळ ठीक.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. दिव्याची नोंद ठेवणारी एक फाईल कार्डात असते, ती हॉटेलातच बसून लॅपटॉपवरून पुसून टाकली.

यंत्रं जुनी होती. त्यांच्यावर लाटेची पहिली थाप तेवढी स्पष्ट उमटे, पुढचं सगळं खरखर. म्हणजे सगळी भिस्त वेळेवर. सरांनी तीन दिवस गणित केलं. कागदावर, हाताने, कंपास घेऊन. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास होता, पण तो आपल्यानंतरचा. उगम निघाला पाड्यापासून अठरा किलोमीटर पूर्वेला, जंगलात.

ते नकाशाकडे पाहत बसले. "म्हातारी चुकणार नाही असं वाटलं होतं," एवढंच म्हणाले.

मला तिथे बोलता आलं असतं. मी 'चहा घेता का' विचारलं.

सरांनी आपला नकाशा सरकारी कचेरीत दिला. त्यांचं नाव होतं, माणूस खोटं बोलणारा नव्हता. ताडपत्र्या आणि तंबू पूर्वेच्या जंगलाकाठच्या गावांना गेले, जिथे कोणाचं भांडंसुद्धा पडलं नव्हतं. पाड्यावर सर स्वतः सांगायला गेले. हे दुसऱ्या कोणाकडून कळवायचं नाही, असा त्यांचा हट्ट.

"माय, हिसाब किया. वो यहाँ नहीं है. दूर है, जंगल में. घर में सो सकते हो."

म्हातारी त्यांच्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तम केवो हो तो दूर होयगो, मास्साब. पण म्हारा चूल्हा के खबर नी हे."

काही लोक घरात परतले, तिच्यासारखे काही बाहेरच राहिले, थंडीत, आपापल्या गोधड्यांवर. महिन्याभरात तिच्या घराची मागची भिंत भर दुपारी बसली. घरात कोणी नव्हतं. दोन शेळ्या गेल्या.

त्यानंतर मोठ्या संस्थेची माणसं आली. त्यांनी पाड्याभोवती दहा-बारा यंत्रं लावली आणि पंधरा दिवसांत सांगितलं: उगम बरोबर पाड्याखाली, उथळ. त्यांच्यातली एक तरुण संशोधक मुद्दाम धारला सरांना भेटायला आली. फार अदबीने वागली. सरांचे कागद तिने एकेक करून पाहिले. मी बशीत कचोऱ्या घेऊन उभा होतो.

"सर, गणित तो कहीं ग़लत नहीं लग रहा," ती म्हणाली. "किसी स्टेशन की घड़ी का चक्कर तो नहीं?"

सर हसले. "घड़ी का सवाल ही नहीं है. ये लड़का ख़ुद छत पर चढ़ता है, नीचे आकर बत्ती देखता है, तब लिखता है." त्यांनी रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं. मराठी तिला येत नव्हतं. तरी तिने त्या सुबक ओळींवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी तिच्यापुढे बशी धरली. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी तोंड उघडून माती खाल्ली आहे. तोंड न उघडून खाल्लेली ती एवढीच.

ती गेल्यावर सरांनी सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा मांडलं. पुन्हा अठरा किलोमीटर. मग पुन्हा. घड्याळ बरोबर, यंत्र बरोबर, उत्तर चूक. मग उरलं कोण? ते मला किंवा जिजीला काही बोलले नाहीत. पण सकाळी औटकी म्हणताना त्यांचा आवाज हळू झाला, पुढच्या खोलीत ऐकू जाऊ नये असा. मी गेलो होतो त्या दिवशी ते "सोळा औट छप्पन" म्हणाले आणि थांबले. खूप वेळ. मी मनात बोटं मोजू लागलो. साडेएकोणसाठ, असं ते शेवटी म्हणाले, बरोबर म्हणाले, पण खिडकीतून वळले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यानंतर त्यांनी औटकी म्हणणं सोडलं.

"घाबरतो तो," जिजी मला दारात सोडायला येऊन म्हणाली. "चुकेल म्हणून म्हणत नाही. काल किल्ली सापडेना तर माझ्याकडे असा बघत राहिला... बाबा बघायचे तसा. अरे, किल्ली माझ्याच कमरेला होती. तूच समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

सरांनी मला यंत्रं उतरवून आणायला सांगितलं. कंपास शेजारच्या मुलीला देऊन टाकला. भाजी आणायला एकटे जाईनात. अनोळखी माणूस आला की जिजीकडे पाहत, आपण याला ओळखतो का, अशा नजरेने. आणि जिजीने "नाही रे, हा नवाच आहे" म्हटलं की सुटकेचा निःश्वास टाकत. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. सर म्हणाले, "सुरुवातीला निघत नाही. बाबांचंही निघालं नव्हतं."

आठ महिने मी गप्प राहिलो. दुकानात सरांच्या नकला बंद झाल्या, गिऱ्हाईक म्हणू लागलं, भिया, तबीयत ठीक नहीं क्या. शेवटी एक दिवस मी वही घेऊन बसलो. सरांचे आकडे माझ्याकडे होते. मांडूच्या वेळेतून तीन सेकंद वजा केले आणि त्यांनी पिठात काढून दाखवलेल्या रीतीने गणित केलं. मला चार दिवस लागले. उगम बरोबर चुलीखाली आला, म्हणजे चुलीच्या आसपास. मी ती वही घेऊन धारला गेलो.

सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. माकडं, पातेलं, दगड, पाच पानिये, लाल दिवा, पुसलेली फाईल. काही मागे ठेवलं नाही. जिजी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

सरांनी मला मध्येच तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "वही दाखव."

मी दिली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "इथे हातचा राहिलाय. सत्तावीस हवेत, सतरा लिहिलेस. पुढे दुसरी चूक झाली म्हणून उत्तर जमलं."

"सर, बघा," मी म्हणालो, "एका नजरेत सापडलं तुम्हांला. डोकं गेलेल्या माणसाला सापडेल का?"

"चौथीची वजाबाकी आहे रे." त्यांनी वही मिटली. "आणि तीनच सेकंद का? दोन का नाहीत? साडेचार का नाहीत?"

"कारण तीन वजा केले की बरोबर येतं."

"तेच म्हणतो. उत्तर ठाऊक झाल्यावर हवे तेवढे सेकंद वजा करता येतात. याला गणित म्हणत नाहीत. प्रेम म्हणतात." 

"सर, खरंच पातेलं घातलं होतं मी. तुम्ही मांडूला फोन करा, हॉटेलवाल्याला विचारा."

"त्याला तू सांगून ठेवलं असशील. तो दाल-पानियेवाला तुझ्यासाठी काय वाटेल ते सांगेल." ते उठले, कपाटातून रजिस्टर काढून आणलं आणि ते पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. आवाजात राग अजिबात नव्हता. "हे कोणाचं अक्षर?"

"माझं."

"वाच."

मी वाचलं. अँटेना ठीक, घड्याळ ठीक.

"तेव्हा लिहिलेलं खरं की आज बोललेलं? तेव्हा तुला खोटं लिहायचं काही कारण नव्हतं. आज आहे. मला बरं वाटावं म्हणून तू स्वतःला लबाड म्हणवून घ्यायला निघालास. एवढं माझ्यासाठी कोणी केलं नाही." मग ते आत वळून म्हणाले, "जिजी, हा जेवूनच जाईल."

जिजी माझ्याकडे पाहत होती. तिला दिशा कळत नाही असं सर म्हणत. त्या दिवशी कळली होती. ती आत गेली. पान वाढलं, पण भात वाढताना दर वेळी म्हणायची तसं "अजून घे रे" म्हणाली नाही.

सर त्यानंतर दीड वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांना सगळं आठवत होतं. संस्थानी शाळेतल्या मास्तरांची नावं, खातेगांवच्या यंत्राचा नंबर, माझ्या आईचे अनारसे कोणत्या वर्षी बिघडले ते. आठवत नव्हती ती एकच गोष्ट, की आपल्याला आठवतं.

मी वही दाखवली त्या दिवशी जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मला केस कापायला कटिंगवाल्याकडे जायचंय. येतोस का बरोबर? परत येताना वाट चुकेन, असं वाटतं." तोच कटिंगवाला, तीच खुर्ची, पन्नास वर्षं. मी त्यांचा हात धरला. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मला डावीकडच्या उघड्या गटारापासून सावध केलं. पुढे कन्याशाळेची भिंत आली, ती कोणत्या साली पडली आणि कोणी बांधली हे सांगितलं. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. तिथे ते थांबले.

"इथून उजवीकडे. हो ना?"

उजवीकडेच होतं. पुढच्या वळणाला डावीकडे म्हणाले, तेही बरोबर. पण प्रत्येक ठिकाणी ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि मी हो म्हणेपर्यंत त्यांनी पाऊल उचललं नाही.